वाडीचे मोल, घराचे मोल
(वसईतील जमीन आणि घरे : एक ऐतिहासिक आढावा)

घराचा प्रश्न हा बहुधा पैशाचा प्रश्न समजला जातो. कोणाची ऐपत किती, कर्ज किती मिळते, दरमहा हप्ता किती बसतो, एवढ्यावर त्याची चर्चा आटोपते. परंतु ज्या प्रदेशात जमीन हीच कुटुंबाचे अन्न, प्रतिष्ठा आणि वारसा असते, तेथे हा प्रश्न इतिहासाच्या वाटेने गेल्यावाचून उलगडत नाही. आमची वसई हा असा प्रदेश आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला तुंगारेश्वराचे डोंगर, दक्षिणेस खाडी आणि मधोमध लोहमार्ग. लोहमार्गाच्या पश्चिमेस केळी, फुले, भाजीपाला आणि पानवेली यांनी सधन झालेली गावे, आणि स्थानकांच्या भोवती मुंबईच्या नोकरदारांची दाट वस्ती. अर्धे खेडे, अर्धे शहर असे हे रूप गेल्या दीडशे वर्षांत घडले आहे.

या रूपात एक विसंगती दडलेली आहे, आणि तिच्याकडे आपल्या घराघरांतून लक्ष वेधले जावे म्हणून हा लेखनप्रपंच. ज्या कुटुंबाचे नाव पिढ्यान् पिढ्या सातबाऱ्यावर आहे, ज्याच्या वाडीचे मोल आज ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावे इतके झाले आहे, त्याच कुटुंबातील नुकत्याच लग्न झालेल्या मुलाला किंवा मुलीला स्वतःच्या गावात वेगळे घर करणे जमत नाही. जमिनीने श्रीमंत आणि घराने गरीब अशी ही अवस्था आहे. ती कशी आली?

लोहमार्गापूर्वीची जमीन

इ. स. १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तहान्वये वसई पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढे दोन शतके वसई हे पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. या काळात गावेच्या गावे पोर्तुगीज सरदारांना आणि धर्मसंघांना ठरावीक वार्षिक खंडावर दिली जात. या खंडास 'फोरो' म्हणत. मुंबईतील 'फोरास रोड' या नावात त्या पद्धतीची खूण राहिली आहे. जमिनीचा खंड घेणारा एक आणि ती कसणारा दुसरा, ही वाटणी आपल्या भागात तेव्हापासून खोलवर रुजली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसईचा किल्ला जिंकला आणि १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर इंग्रजी अंमल स्थिर झाला. राज्यकर्ते बदलले, महसुलाच्या पद्धती बदलल्या; परंतु वाडीचा कारभार फारसा बदलला नाही.

या कारभारात जमिनीची किंमत तिच्या पिकावरून ठरे. विहिरीला पाणी किती, ते गोडे की मचूळ, रहाट किती तास चालतो, वाडीच्या कडेला बावखल आहे की नाही, या गोष्टी पाहून वाडीचे मोल सांगितले जाई. बावखल म्हणजे केवळ डबके नव्हे. पावसाचे पाणी साठवून आसपासच्या विहिरी गोड्या ठेवणारी ती गावाची कोठीच होती. समुद्र इतका जवळ असताना वसईच्या विहिरींना गोडे पाणी लागते, याचे बरेचसे श्रेय या बावखलांना आहे. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात वसईच्या बागायतीला मानाचे स्थान आहे. ऊस, केळी आणि विड्याची पाने ही तिची मुख्य पिके. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून केलेली सुकेळी तर वसईच्या नावानेच ओळखली जात.

घरही या शेतीचाच एक भाग होते. ओटी, माजघर, पडवी, मागे परसू आणि परसवातून थेट वाडी. मुलगा लग्नाचा झाला की पडवीला भिंत घालावी किंवा शेजारी नवे जोते बांधावे, एवढ्यावर घराचा प्रश्न सुटे. लाकूड, माती, चुना, कौले आणि शेजाऱ्यांचे हात यांवर घर उभे राही. जमीन विकत घ्यावी लागत नसे, म्हणून घराला बाजारभाव असा नव्हता.

अर्थात हे चित्र सर्वांचे नव्हते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. तालुक्याच्या पूर्व भागातील आदिवासी बांधवांची झोपडी कित्येकदा मालकाच्या जागेवर असे, आणि ती जागा हाच त्यांच्या गळ्यातील फास होई. वेठबिगारीच्या विरोधात १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना याच तालुक्यात उभी राहिली, ही गोष्ट आपण विसरू नये. घर कोणाच्या जमिनीवर आहे यावर माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून असते, हे त्या लढ्याने दाखवून दिले.

गाडी आली

१८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग मुंबईस पोहोचला आणि वसई मुंबईशी जोडली गेली. १२ एप्रिल १८६७ रोजी विरार आणि मुंबईतील बॅकबे यांच्या दरम्यान उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाला एक गाडी जाणारी आणि एक येणारी, एवढाच तिचा पसारा होता. स्थानक झाले ते जुन्या वसई गावापासून काही मैल दूर. म्हणून त्याचे नाव पडले 'वसई रोड', म्हणजे वसईला जाण्याच्या रस्त्यावरचे स्थानक. या एका गोष्टीचे परिणाम फार दूरवर पोहोचले. पुढे स्थानकाभोवती नवघर-माणिकपूर हे नवेच शहर वाढले आणि जुने गाव, किल्ला व किनाऱ्याची गावे त्या गर्दीपासून काही काळ अलिप्त राहिली.

पहिली कित्येक दशके या गाडीने वसईचा माल मुंबईस नेला. केळीचे घड, फुलांच्या करंड्या, पानांचे डाग, भाजीच्या पाट्या. पहाटेच्या गाडीने माल दादरला पोहोचवून दुपारी घरी परतणारी माणसे आपल्या सर्वांच्या कुटुंबांत होऊन गेली आहेत. रेल्वेने वाडीचे उत्पन्न वाढविले आणि वाडी टिकविली. १९३६ मध्ये विरारपर्यंत विजेच्या गाड्या धावू लागल्या. त्याच सुमारास धर्मग्रामांच्या शाळांतून शिकून बाहेर पडलेली मुले मुंबईच्या कचेऱ्या, कारखाने, शाळा आणि रुग्णालये यांत नोकऱ्या करू लागली. एकाच घरात एक भाऊ रहाटावर आणि दुसरा सात-बाविसच्या गाडीवर अशी विभागणी झाली. वाडी आणि पगार यांच्या या जोडीवर आपल्या समाजाची सुबत्ता उभी राहिली. पगारामुळे वाडी विकावी लागली नाही आणि वाडीमुळे घरभाडे द्यावे लागले नाही.

मात्र जी गाडी माल घेऊन जाते, ती माणसे घेऊन येऊही शकते. ती माणसे कधी आणि का आली, याचे उत्तर वसईत सापडत नाही. ते मुंबईच्या कायद्यांत आहे.

मुंबईचे कायदे आणि वसईचे भाव

१९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा भाडेकरूंच्या रक्षणासाठी झाला. त्याने भाडी साधारणपणे १९४० च्या पातळीवर गोठविली. युद्धकाळातील टंचाई पाहता हेतू योग्यच होता. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीमागून मुदतवाढ घेत अर्धशतक टिकला. भाड्याने देण्यासाठी चाळ बांधावी असे मग कोणाला वाटेना. जुन्या चाळींची डागडुजी थांबली, पागडीचा व्यवहार बोकाळला. ज्याला पूर्वी भाड्याची खोली मिळाली असती, त्याला आता घर विकत घेणे भाग पडले. याच ओघात १९६३ मध्ये सदनिकांच्या मालकीविषयीचा महाराष्ट्राचा कायदा आला आणि 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द मध्यमवर्गाच्या बोलीत रूढ झाला. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा हेतू मोठ्या मालकांची जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळविण्याचा होता. प्रत्यक्षात बरीच जमीन दाव्यांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकून बाजाराबाहेर राहिली. २००७ मध्ये महाराष्ट्राने तो कायदा रद्द केला, तोपर्यंत मुंबईच्या जमिनीचे भाव सामान्य माणसाच्या दृष्टीपलीकडे गेले होते.

१९८२ च्या गिरणी संपाने गिरणगावाची घडी विसकटली. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत वाढलेल्या पिढीला संसार थाटायचा तर लोहमार्गाच्या टोकाकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. मध्य रेल्वेवर डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि पश्चिम रेल्वेवर भाईंदर, वसई, नालासोपारा, विरार ही नावे या गरजेतून घराघरांत पोहोचली. चर्चगेटपासून वसई रोड सुमारे ५२ किलोमीटर आणि विरार सुमारे ६० किलोमीटर. एका वेळचा तासाहून अधिक प्रवास ही या घरांची किंमतच होती. ती दस्तऐवजात लिहिली जात नसे, पण आयुष्यभर फेडावी लागे.

येथे घराचा भाव कसा ठरतो हे थोडे समजून घेतले पाहिजे. सिमेंट, लोखंड, विटा आणि मजुरी यांचा खर्च अंधेरीत आणि नालासोपाऱ्यात फारसा वेगळा नसतो. तरीही दोन घरांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक पडतो, तो जागेमुळे. बांधणारा असा हिशेब करतो : येथे घर किती रुपयांना विकले जाईल? त्यातून बांधकामाचा खर्च, व्याज, परवानग्यांचा खर्च आणि आपला नफा वजा केला की उरते ती रक्कम जमीनमालकाला देता येईल. म्हणजे जमीन महाग म्हणून घर महाग होते, हा आपला नेहमीचा समज अर्धवट आहे. घर महाग विकले जाणार असते, म्हणून जमीन महाग होते. डेव्हिड रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाने १८१७ मध्ये धान्य आणि खंड यांच्याबाबत हाच विचार मांडला होता.

हा हिशेब वसईला लावून पाहा. केळीच्या घडावरून वाडीचा भाव ठरण्याचे दिवस संपले. दादर-अंधेरीला नोकरी करणारा माणूस किती कर्ज फेडू शकेल, यावरून तो ठरू लागला. एखादी जलद गाडी वाढली, २००७ मध्ये बोरिवली ते विरार चार मार्ग पूर्ण झाले, गृहकर्जाचे व्याज उतरले, की न नांगरलेल्या जमिनीचाही भाव चढे. शेतकऱ्याच्या श्रमाशी आणि विहिरीच्या पाण्याशी त्या भावाचे नाते तुटले. गावात राहून गावातच मिळवणाऱ्याचे उत्पन्न मात्र जुन्याच मापाने वाढत राहिले. आरंभी सांगितलेल्या विसंगतीचे मूळ आम्हांला येथे दिसते.

हिरवा पट्टा आणि तहानलेल्या इमारती

मुंबई महानगराच्या पहिल्या प्रादेशिक योजनेत वसईचा बराच मोठा भाग हिरवा राखलेला होता. १९८८ च्या सुमारास हे धोरण बदलले आणि हजारो हेक्टर जमीन नागरी विकासास मोकळी झाली. १९९० मध्ये सिडकोला या भागाचे नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. त्या वर्षांतील अस्वस्थता अनेक वाचकांना आठवत असेल. शेताच्या बांधांवर रातोरात भराव पडू लागले. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि पाण्याचा विचार मागाहून झाला. नव्या वस्त्यांची तहान भागविण्यासाठी पश्चिमेच्या वाड्यांतील विहिरी उपसून टँकर भरले जाऊ लागले. जे पाणी पानवेलीला मिळायचे ते विकले जाऊ लागले आणि उपशाबरोबर खारेपणाचे भय वाढले.

याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली 'हरित वसई संरक्षण समिती'ने जे आंदोलन केले, ते वसईच्या अर्वाचीन इतिहासातील महत्त्वाचे पर्व आहे. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक आणि पुढे २०२० मध्ये उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर २०२४ मध्ये आपल्यातून गेले. त्यांच्या आणि त्यांच्या सर्वधर्मीय सहकाऱ्यांच्या प्रयत्नांमुळे विकास हा शब्द प्रश्नचिन्हासह उच्चारण्याची सवय वसईला लागली. पश्चिमेचा जो हिरवा पट्टा आज उरला आहे, तो निसर्गाच्या कृपेइतकाच त्या लोकांच्या निश्चयामुळे उरला आहे. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि अनेक गावे एकत्र करून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हाही गावांनी आपला स्वतंत्र कारभार राहावा म्हणून लढा दिला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरील वाद पुढे अनेक वर्षे न्यायालयात राहिला.

शहराला लागणारे पाणी अखेर सूर्या प्रकल्पातून आले. परंतु तो प्रकल्प मुळात आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी योजिला होता, आणि आपल्या नळाला आलेल्या पाण्याविषयी तिकडे आजही रोष आहे. एका ठिकाणी घर स्वस्त झाले की त्याचा भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो, असा हा अनुभव आहे.

एकाच तालुक्यातील दोन बाजार

२००१ च्या जनगणनेत वसई नगरपालिकेची लोकसंख्या जेमतेम पन्नास हजार होती, तर नालासोपाऱ्याची पावणेदोन लाखांच्या पुढे गेली होती. २०११ मध्ये एकत्रित महानगरपालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. या वाढीत दोन वेगळे बाजार निर्माण झाले. पश्चिमेस हिरव्या पट्ट्यात बांधकामावर निर्बंध, म्हणून घरे थोडी. बंगल्यांना आणि मोकळ्या जागांना मुंबईच्या पैसेवाल्यांची मागणी, म्हणून भाव चढे. पूर्वेस घरे पुष्कळ, लहान आणि तुलनेने स्वस्त. परंतु त्यांतील कित्येकांना परवानगी नाही, काहींच्या जमिनीचा हक्क निर्वेध नाही, काहींना निचरा नाही.

हे स्वस्त घर किती महाग पडते याची प्रचिती वारंवार आली आहे. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले, रूळ बुडाले, वीज गेली. पाणी मुरण्याच्या आणि वाहण्याच्या जागांवरच भराव झाले होते. २०२४ च्या अखेरीपासून २०२५ च्या आरंभापर्यंत उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नालासोपारा पूर्वेतील ४१ अनधिकृत इमारती पाडण्यात आल्या. ती जमीन सांडपाणी प्रक्रिया आणि कचराभूमी यांसाठी राखीव होती. घर घेणाऱ्यांनी आयुष्याची पुंजी घातली होती; इमारत बांधून विकणारे केव्हाच निघून गेले होते. ऑगस्ट २०२५ मध्ये विरारला एक अनधिकृत इमारत कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. या माणसांना 'बाहेरचे' म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. भराव ज्या शेतांवर पडले त्यांपैकी काही शेते आपल्याच भाऊबंदांनी विकलेली होती.

'परवडणारे घर' या शब्दाची शासनाची व्याख्याही पाहण्याजोगी आहे. १ एप्रिल २०१९ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा कराच्या नियमांत महानगर प्रदेशातील ६० चौरस मीटरपर्यंतचे आणि ४५ लाख रुपयांपर्यंतचे घर परवडणारे मानून त्यावर १ टक्का कर ठेवला गेला. एखाद्या शाळेतील साहाय्यक, रिक्षाचालक किंवा फुलांच्या वाडीवर गुजराण करणारे कुटुंब ४५ लाखांपर्यंत कसे पोहोचणार, याचे उत्तर व्याख्येत नाही. घराची किंमत कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाच्या किती पट आहे, हे माप आम्हांला अधिक खरे वाटते. त्या मापाने पाहिले तर पश्चिमेची घरे गावातल्या माणसाला परवडत नाहीत आणि पूर्वेची परवडतात ती धोका पत्करून.

वाटणीचा कागद

आता आपल्या घरात डोकावू. भारतीय ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले सर्व अपत्यांना समान, मुलगा-मुलगी असा भेद न करता, अशी त्याची साधी व न्याय्य तरतूद आहे. आजोबांची एक एकर वाडी, म्हणजे ४० गुंठे, चार अपत्यांत वाटली की दहा-दहा गुंठे होतात. पुढच्या पिढीत तीन-तीन. एवढ्या तुकड्यावर विहीर, रहाट आणि केळी यांचा संसार चालत नाही. वाडी म्हणून तो तुकडा निरुपयोगी ठरतो आणि जागा म्हणून मात्र मोलाचा. मग विक्री हाच सर्वांना मान्य होणारा एकमेव तोडगा उरतो, कारण पैसे वाटता येतात, विहीर वाटता येत नाही.

पूर्वी ही अडचण मुलींकडून हक्कसोड लिहून घेऊन टाळली जाई. लग्नात दागिने दिले, आता वाडीत वाटा कशाला, असे म्हटले जाई. जमिनीला भाव नव्हता तोवर हे खपले. आज त्या सहीची किंमत कित्येक लाखांत जाते, आणि बहीण-भावांतील अबोल्याची अनेक कारणे त्या एका कागदात सापडतात. वाडी अखंड ठेवण्यासाठी बहिणीचा हक्क बुडवावा, ही वाट आम्हांला मान्य नाही. तशीच, हक्क द्यायचा म्हणून वाडी विकावी, ही वाटही एकमेव नाही.

जमीन विकली, रक्कम वाटली, की प्रत्येकाच्या हातात जे येते त्यातून त्याच गावात पुन्हा जमीन घेता येत नाही. विकासकाशी भागीदारी केली, जमिनीच्या मोबदल्यात दोन-चार सदनिका मिळाल्या, तर त्या एका पिढीला पुरतात; पुढच्या पिढीसाठी जमीनही नसते आणि वाडीही नसते. हे एकदाच कापता येणारे पीक आहे.

साष्टीचा धडा

यापूर्वी कोणी या वाटेने गेले आहे का? गेले आहेत, आणि ते आपले सगेसोयरेच आहेत. वांद्रे, मरोळ, मालाड, गोराई येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती शेतकरी आपल्यासारखेच भातशेती आणि वाड्या करीत. शहर वाढत आले तशी शेते गेली, काही विक्रीने तर काही सरकारी संपादनाने. वांद्रे-मरोळकडे उरली ती गावठाणे : गगनचुंबी इमारतींच्या मधोमध कौलारू घरांची बेटे. आज त्यांतील जागा सोन्याच्या मोलाची आहे, पण त्या कुटुंबांतील पुष्कळ तरुण मीरा रोड, भाईंदर आणि वसईकडे घर शोधत आले. त्यांना साष्टी परवडेना म्हणून ते वसईला आले. आता वसईच्या मुलांनी कोठे जावे?

त्याच साष्टीत एक वेगळा धडाही आहे. १९१५ मध्ये मुंबईच्या गावदेवी भागात सारस्वत समाजाने सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापिली. देशातील त्या चळवळीचा तो आरंभ मानला जातो. पाठोपाठ १९१८ मध्ये वांद्र्याच्या कॅथलिक मंडळींनी साल्सेट कॅथलिक सहकारी गृहनिर्माण संस्था उभी केली. जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे, या तत्त्वावर मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडतील अशी घरे तेथे झाली. एकेकट्याने बाजाराला तोंड देण्यापेक्षा एकत्र येऊन जमीन राखणे शक्य असते, हे आपल्या पूर्वसूरींनी शंभर वर्षांपूर्वी करून दाखविले आहे.

पुढे काय?

वसईसमोर आणखी मोठी लाट येत आहे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचे एक स्थानक विरारला योजिले आहे आणि नव्या महामार्गांचे आराखडे कागदावरून जमिनीवर उतरू लागले आहेत. आधीच्या हिशेबाप्रमाणे या प्रत्येक सोयीबरोबर जमिनीचा भाव चढेल, आणि तो चढताच विक्रीचा दबावही वाढेल. हरित पट्टा जपावा हे आम्हांला मनापासून पटते. मात्र हेही मान्य केले पाहिजे की, घरे बांधण्यावर केवळ निर्बंध ठेवून भागत नाही. गावातल्या मुलांसाठी घराची सोय न करता राखलेला हिरवा पट्टा अखेर श्रीमंतांच्या बंगल्यांची बाग होऊन बसेल.

म्हणून काही गोष्टी कुटुंबांनी आणि धर्मग्रामांनी विचारात घ्याव्यात असे आम्ही सुचवितो. वाटणीचा प्रश्न वडीलधारी माणसे हयात असतानाच, बहिणींसह सर्वांना बसवून सोडवावा आणि रीतसर मृत्युपत्र करावे. घरासाठीची जागा आणि वाडीची जागा यांचा वेगवेगळा विचार व्हावा. घराच्या जागेवर भावंडांनी मिळून दोन-तीन मजली घर बांधावे, आणि वाडी, विहीर, बावखल सामाईक राखून तिच्या उत्पन्नाचा हिस्सा सर्वांना द्यावा. गावठाणालगतच्या योग्य जागी गावातील कुटुंबांच्या सहकारी संस्था निघाव्यात आणि त्यांच्या नियमांतच नफ्याच्या विक्रीला आळा असावा. ज्यांची घरे रिकामी आहेत त्यांनी ती रास्त भाड्याने द्यावीत. प्रत्येक तरुण जोडप्याने पंचविशीतच वीस वर्षांचे कर्ज खांद्यावर घ्यावे, असा काही नियम नाही. आणि घर घेणाऱ्याने, मग ते पूर्वेस असो वा पश्चिमेस, महारेराची नोंदणी, बांधकाम परवानगी आणि जमिनीचा हक्क तपासल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. २०१६ च्या कायद्याने दिलेले हे साधन आज हाताशी आहे.

हा विषय आपल्या श्रद्धेला परका नाही. लेवीय ग्रंथातील योबेल वर्षाची कल्पना जमीन कायमची विकली जाऊ नये या जाणिवेवर उभी आहे. आपल्या पूर्वजांचा मळा राजाला विकण्यास नकार देणाऱ्या नाबोथची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. व्हॅटिकनच्या न्याय आणि शांती आयोगाने १९८७ च्या आंतरराष्ट्रीय निवारा वर्षाच्या निमित्ताने बेघरांच्या प्रश्नावर स्वतंत्र निवेदन काढले, आणि २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात पर्यावरण आणि निवारा या दोहोंचा एकत्र विचार केला. नाबोथवर राजाची जबरदस्ती होती. आपल्यावर तशी कोणाची नाही. आपल्याकडे येणारा माणूस चांगला भाव देतो, चहा घेतो आणि सही मागतो. म्हणूनच आपला निर्णय अधिक कठीण आहे.

वाडी विकणाऱ्याला दोष देणे सोपे असते. आजारपण, शिक्षण, कर्ज यांपायी विकणाऱ्याची अडचण खरी असते, आणि ती हाक आल्यावर धावून जाण्याची जबाबदारी शेजाऱ्यांची आणि धर्मग्रामाच्या पतपेढीचीही आहे. पण गेल्या दीडशे वर्षांत वसईच्या जमिनीचा भाव कधी रेल्वेने, कधी मुंबईच्या कायद्यांनी, तर कधी योजनाकारांनी ठरविला. वाटणीचा कागद मात्र आजही आपल्याच घरात, आपल्याच माणसांच्या सह्यांनी होतो. येत्या काळात गास, निर्मळ, भुईगाव, गिरीज, नंदाखाल, आगाशी या गावांत कोण राहणार, हे पुष्कळसे त्या कागदावर अवलंबून राहील. तो लिहिताना घाई होऊ नये, आणि बहिणीची खुर्ची रिकामी असू नये, एवढीच आमची विनंती आहे.